शेंदूर लावलेला कॅमेरा

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. एकदा हिरामणचं नाव निघालं की मग मला कुणी हसलेलं खपत नाही.

हिरामण भोपी आपल्या सोनिवलीतलाच, मागच्या आळीतला. तुमची ही सात मजली बिल्डिंग उभी आहे तिथे त्याची भाताची खाचरं होती. जमीन गेली, पण डोंगर काही त्याच्या पायांतून गेला नाही. मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि बायको विठा, दोघंच. पन्नाशीतही दोघं नव्या लग्नासारखी एकमेकांची थट्टा करायची. विठा म्हणजे त्याचा जीव की प्राण.

जनावरं मोजणाऱ्या एका संस्थेत तो रोजंदारीवर लागला होता. बारवी धरणाच्या बाजूला जंगलात झाडांना कॅमेरे बांधायचे. समोर काही गरम अंगाचं हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. फोटोखाली तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याभोवतीची हवा किती डिग्री तेही छापून येतं. बिबळ्या, भेकर, साळिंदर, सगळ्यांची हजेरी. हिरामणने आठवड्यातून एकदा जायचं, सेल बदलायचे, कार्डं काढून आणायची. त्या दिवशीही तो एवढ्याच कामाला निघाला होता. जाऊन बघतो तर सागाच्या खोडाला नुसता कापलेला पट्टा लोंबतोय, कॅमेरा गायब.

समर्थ, तुझ्या तोंडावर प्रश्न दिसतोय मला. जंगलातला कॅमेरा चोरून कुणाचं काय भलं होणार? अरे, रात्री बंदूक घेऊन फिरणाऱ्याला स्वतःचा फोटो नको असतो. लाकूड तोडणाऱ्यालाही नको असतो. आणि काही जण नुसते चमकणारी वस्तू दिसली म्हणून उचलतात.

हा दुसरा गेलेला. पहिल्या चोरीनंतर हिरामणने काय करायचं ठेवलं नव्हतं. लोखंडी पेटी केली, वायरचं कुलूप घातलं, पेटीला चिखल फासला, वरून साल चिकटवली, शिडी लावून डोक्याच्या वर बांधला. तरी गेला. ऑफिसातल्या रिद्धी मॅडम भल्या बाई. त्या म्हणाल्या, "हिरामणदादा, माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण वरच्यांना मी काय सांगू? तिसरा गेला तर मला तुम्हाला ठेवता नाही येणार."

घरी येऊन तो भिंतीला पाठ लावून बसला. विठाने चहा पुढे केला आणि म्हणाली, "झाडावर लपवताय कशाला? उघड्यावर ठेवा. देव करा त्याचा. देवाला कोण हात लावतोय!"

बोलता बोलता बोलली ती. आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी ते केलं.

शिवेवर, जुन्या गाडीवाटेच्या कडेला, पेटी ठेवली. भोवती दगड रचले, सिमेंटने जाम केले. मागे तेवढी पत्र्याची झडप, चावीने उघडणारी. हिरामण वाकून दगड बसवत होता आणि विठा हसत हसत दोन्ही हातांनी तेलशेंदूर चोपडत होती. भिंगापुरतं भोक मोकळं सोडलं. नारळ, उदबत्ती, लाल कापड. बाहेरून बघावं तर शिवेवरचा देव, आत बारा सेलांचा कॅमेरा.

हिरामणची आत्या सगुणाबाई, नव्वदीची म्हातारी. तिला हे कळलं तशी ती काठी टेकत आली.

"हिरामण, त्यात बसवलास कुनाला?"

"कुनालाच नाय आत्या. कॅमेरा हाय नुसता."

"मंग काढ तो शेंदूर. जागा तयार करून रिकामी नाय ठेवत, बाबा."

हिरामणने मान हलवली आणि सोडून दिलं. चोरी थांबली होती ना! बिबळ्याची मादी दोन पिल्लांसह आली फोटोत. रिद्धी मॅडमनी पेढे वाटले.

आता नीट ऐका. मंगळवार, सतरा डिसेंबर. दुपारी त्याने कार्ड काढून तिथेच दगडावर बसून मोबाईलला लावलं. रानडुक्कर... ससा... मग एक फोटो, रात्री दोन वाजून चाळीस मिनिटं. रिकामी वाट. काहीच नाही. होतं असं कधी कधी, वाऱ्याने फांदी हलते.

पुढचा फोटो दुसऱ्या रात्रीचा. वेळ तीच, दोन चाळीस. पण फोटोत वाट नव्हती. नाल्यावरची मोरी होती.

शिवेवरून मोरी दिसत नाही. अर्धा किलोमीटर लांब आहे ती.

हिरामणने पेटी बघितली. सिमेंट जसंच्या तसं. चावी त्याच्या करगोट्याला.

तिसरी रात्र, पंपाची खोली. चौथी, या आपल्या बिल्डिंगचं गेट, वॉचमन खुर्चीत झोपलेला. पाचवी, मागची आळी. सहावी, त्याचं अंगण. सातवी म्हणजे आदली रात्र. उंबरा, आणि उंबऱ्याबाहेर काढलेल्या विठाच्या चपला.

तो म्हणायचा, बिबळ्या समोर आला तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो. नोकरी गेली खड्ड्यात, हे उकरून फेकायचं. पहार आणायला तो धावत घरी गेला आणि धावत परत आला.

तेवढ्यात तिथे आठ-दहा माणसं जमलेली. मंगळवार ना, देवाचा वार, आणि गावाने एव्हाना त्याला खराच देव मानलेला! कुणीतरी घंटा बांधली होती, कुणी पाळणा. आळीतली कौसाबाई पुढे आली.

"देवाला पहार लावतोस? लाज हाय का?"

"अगो कौसाबाय, देव नाय तो! मीच लावलाय. आत कॅमेरा हाय!"

"माज्या नातवाचा ताप उतरला याच्याम्होरं. कॅमेरा ताप उतरवतो व्हय?"

हिरामण हात जोडून सांगत होता. रडत होता. जितकं सांगावं तितकी माणसं चिडत होती. दोघांनी पहार हिसकावून घेतली. विचार करा पोरांनो, चोराने हात लावू नये म्हणून केलेला देव, आणि आता करणाऱ्यालाच हात लावता येईना.

माणसं पांगेपर्यंत तो बसून राहिला. शेवटी मागची झडप उघडून त्याने बाराच्या बारा सेल काढून घेतले. हाताची सवय, कार्ड तेवढं परत आत सरकवलं. म्हटलं, सेलच नाहीत तर काय करेल?

संध्याकाळी विठाला तिच्या भावाकडे पोचवलं, विठ्ठलवाडीला. चाळीतली खोली, भाऊ, भावजय, पोरं, सहा माणसं. "अवो, झालंय काय पण?" ती विचारत होती. त्याने सांगितलं नाही. "एक रात्र रहा, सकाळी येतो," एवढंच म्हणाला.

रात्री तो एकटा घरात बसला. दार आतून लावलेलं. दिवा चालू. बारा सेल समोर ताटलीत.

एक वाजला. दोन वाजले.

कुत्री गप्प झाली.

दोन पस्तीस. तो दाराकडे बघत होता.

दोन चाळीस...

काही नाही.

कडी हलली नाही. पाऊल वाजलं नाही.

दोन एक्केचाळीस. दोन पन्नास. तीन.

आलं नाही काही! हिरामण तोंडावर हात दाबून लहान मुलासारखा रडला. साडेपाचला त्याने फोन केला. विठा झोपेतच म्हणाली, "मस्त झोपले मी. कधी नव्हं ती."

उजाडल्यावर तो शिवेवर गेला. न जाता राहवेना. झडप उघडली. कॅमेरा मेलेला. कार्ड काढून मोबाईलला लावलं.

एकच नवा फोटो. अठरा डिसेंबर. दोन चाळीस.

चाळीतली खोली नव्हती त्यात. पाणी भरायचं पिंप नव्हतं. झोपलेली पोरं नव्हती. नुसता विठाचा चेहरा. इतका जवळून की कपाळ आणि हनुवटी फोटोत मावत नव्हती. डोळे मिटलेले. खाली छापलं होतं, सदतीस डिग्री.

डिसेंबरातली रात्र ती. खोलीत सदतीस डिग्री कुठून असणार? तेवढं गरम असतं फक्त माणसाचं अंग.

तो तसाच विठ्ठलवाडीला धावला. विठा दारात बसून चहा पीत होती. हसली त्याला बघून. ठणठणीत होती.

त्यानंतर काही नाही. हिरामणने काम सोडलं. रिद्धी मॅडमना कार्ड दाखवलं, त्यांना वाटलं कुणीतरी खोडसाळपणा केला. शिवेवर आता शेड बांधलीय, तुम्ही बघितली असेल. महिना गेला, दीड महिना गेला. हिरामण रात्री झोपायला लागला.

यापुढचं मात्र मला कुणी सांगितलेलं नाही. मी होतो तिथे.

रेशनची केवायसी चालू होती, आधारवरच्या फोटोशी चेहरा जुळवून ओळख पटवायची. रांगेत माझ्यापुढे ही दोघं. दुकानातली करिष्मा मोबाईल धरून एकेकाचा चेहरा घेत होती. स्क्रीनवर गोल येतो, चेहरा सापडला की हिरवा होतो. हिरामणचा झटकन झाला. मग विठा बसली.

गोल हिरवा होईना.

"मावशी, इकडे बघा. डोळे उघडे ठेवा." विठाने डोळे मोठे केले. करिष्माने तिला बाहेर उजेडात आणलं. स्क्रीनवर विठा स्वच्छ दिसत होती. कुंकू दिसत होतं, कानातल्या कुड्या दिसत होत्या. पण चेहरा समोर आणा, चेहरा समोर आणा, एवढंच येत होतं.

"घाम आला असंल," विठा म्हणाली आणि पदराने तोंड पुसायला लागली. पुरं तोंड पदराआड.

तेव्हा गोल हलला.

विठावरून सरकला. तिच्या खांद्यामागे गेला. तिथे भिंत होती, दुसरं कुणी नव्हतं... आणि भिंतीवर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, तो थांबला.

हिरवा झाला.

हिरामणने विठाचा हात घट्ट धरला. स्क्रीनवर अक्षरं आली: विठा हिरामण भोपी, ओळख पटली.

विठा अजून तोंड पुसत होती.