डाव्या विंगेतला आवाज

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? झालं तसं सांगते. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्या.

मी गार्गी. मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर मी आणि आई दोघीच राहतो. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. हे घडलं गेल्या हिवाळ्यात. आणि रात्री-बित्री नाही...

भर दुपारी.

माझ्या आईला, सुलक्षणाला, लहानपणापासून नाटकाचं वेड. पण आजोबा गिरणीतले, कडक. गणपतीतल्या नाटकांत त्यांनी तिला कधी उभं राहू दिलं नाही. रिटायर झाल्यावर तिने एका कॉलेजच्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. विषय, नाट्यपरिचय. मी म्हटलं, झकास. घरात एकटी बसून राहण्यापेक्षा बरं.

हर्षद सर शिकवायचे. नाव घालताना मीच त्यांच्याशी फोनवर बोलले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना घरातच रंगमंच आखायला लावला. आईने हॉलच्या लाद्यांवर खडूने चौकोन काढला. उजवीकडे माझ्या खोलीचं दार, ती उजवी विंग. डावीकडे स्वयंपाकघर.

ती डावी विंग.

"आता लादी पुसायची नाय हां," ती मला दटावून म्हणाली. इतकं खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

एकच अडचण होती. तिला वाक्यं पाठ व्हायची नाहीत.

परीक्षेसाठी सरांनी तिला एकपात्री प्रवेश दिला होता. परगावाहून नवरा घरी आलाय आणि बायको त्याला जेवायला वाढतेय. 'कुकर झालाय. पानं घेते. हात धुऊन या.' इतकं सोपं. पण चौथ्या वाक्याला ती अडकायची आणि डोळ्यांत पाणी आणून बसायची.

"वाट लागली गो माझी. म्हातारीला कशाला हवीत ही थेरं?"

"होईल गं, आई," मी म्हणायचे आणि पवईला ऑफिसला निघून जायचे. खरं तर माझ्याकडे तेव्हा वेळही नव्हता, लक्षही नव्हतं.

मग एक दिवस ते तिला पाठ झालं. एकदम. पूर्ण.

मला आनंद झाला. आठवड्याभराने एका दुपारी मी ऑफिसात असताना हर्षद सरांचा फोन आला.

"गार्गी, रागावू नका, पण हे बरोबर नाही. तुम्ही आईंना प्रॉम्प्टिंग करताय. परीक्षेत असं चाललं तर मला त्यांना नापास करावं लागेल."

प्रॉम्प्टिंग म्हणजे विंगेत उभं राहून नटाला पुढचं वाक्य हळूच सांगणं.

"सर, मी ऑफिसला आहे. रोज असते."



"पण... आवाज तर तुमचाच आहे."

त्यांनी आदल्या दिवशीच्या क्लासच्या रेकॉर्डिंगचा एक तुकडा पाठवला. मी जिन्यात जाऊन, कानात हेडफोन घालून ऐकला.

आधी नुसती खरखर...

मग कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "पानं घेते."

आणि त्यानंतर आई म्हणाली, "पानं घेते."

प्रत्येक वाक्याआधी असंच. तो आवाज माझा होता. सर्दी झाल्यावर होतो तसा, जरा जड. पण माझाच.

आई मोबाइलवर काहीतरी वाजवतेय, असंच मला वाटलं. माझा आवाज कुठून तरी जोडून. परीक्षेच्या भीतीने माणूस काहीही करतो. संध्याकाळी घरी आल्या आल्या मी विचारलं.

"आई, खरं सांग. क्लासमध्ये तुला कोण सांगतं?"

ती हसली. लाजल्यासारखी.

"आता माझ्याकडूनच वदवून घेणार? तूच सांगतेस की. मी सरांना काय बोलले नाय हां. घरात कोणी नाय म्हणून शप्पत घेतली. पण माझ्यासाठी ऑफिस बुडवतेस, ते काय बरं नाय."

"मी कधी आले घरी?"

"अगो, दुपारी चावी लागल्याचा आवाज येतो ना! चप्पल काढतेस, मागच्या मागे स्वयंपाकघरात जातेस. मी मुद्दाम वळून बघत नाय. म्हटलं, तुला नसेल दाखवायचं."

आमच्या दाराच्या चाव्या दोनच. एक आईकडे. दुसरी माझ्या पर्समध्ये.

त्या रात्री आम्ही दोघी एकमेकींकडे चोरून बघत होतो. तिला वाटत होतं मी खोटं बोलतेय. मला वाटत होतं तिचं डोकं ठिकाणावर नाही.

मी वॉचमनला विचारलं. कुलूप बदलून घेतलं. सरांनाही विश्वास बसेना, म्हणून त्यांनी सांगितलं, परीक्षेला मीही समोर बसायचं. कॅमेऱ्यात दिसेन अशी. म्हणजे संशयच नको.

शनिवारी दुपारी परीक्षा झाली. दाराला आतून कडी. दोघींचे मोबाइल बंद करून कपाटात. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर. आई खडूच्या चौकोनात उभी, मी उजवीकडे खुर्चीत. स्क्रीनवर सर आणि वर्गातले बाकीचे.

"सुरू करा, सुलक्षणाताई."

घरात अगदी शांत होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, तेवढाच आवाज.

आईने तोंड उघडलं... आणि थांबली. मान किंचित डावीकडे झुकली. स्वयंपाकघराकडे.

मग म्हणाली, "कुकर झालाय."

परत मान झुकली. परत थांबली.

"पानं घेते."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. काहीच नाही. पण स्क्रीनवर सरांनी हेडफोन काढला, बघितला, पुन्हा घातला.

"गार्गी, प्लीज. बोलू नका."

"सर, मी नाही बोलत."

"हो... तुमचे ओठ हलत नाहीयेत, ते दिसतंय मला." त्यांचा आवाज बदलला होता. "पण आम्हाला सगळ्यांना ऐकू येतंय."

वर्गातली श्रुतिका नावाची मुलगी होती, तिने कॅमेरा बंद केला. मग आणखी एकाने. स्क्रीनवरचा एकेक चौकोन काळा होत गेला. शेवटी फक्त सर उरले.

आई थांबली नाही. तिला हे काही जाणवतच नव्हतं. मान झुकायची, ती वाट बघायची, वाक्य म्हणायची. चौथं वाक्य गेलं. पाचवं गेलं. आणि मग ती माझ्याकडे वळली. प्रवेशात असं वळायचं नव्हतं.

"हैदराबादला तुला कोण वाढणार?"



हैदराबादला नवी नोकरी मिळाल्याचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला एकटं सोडून जायचं कसं, या विचारानेच मी कुढत होते. मैत्रिणीला सांगितलं नव्हतं, ऑफिसात नाही. आईला तर नाहीच.

"'हो' म्हणून तर बसलीस," आई नाटकातल्यासारखंच सावकाश बोलत होती. "मला सांगायला जीभ उचलत नाय. म्हणून मीच सांगते."

सांगते.

कोण सांगत होतं?

मी उठले आणि धावत स्वयंपाकघरात गेले. कुणी नव्हतं. ओटा पुसलेला, खिडकीची जाळी बंद. फक्त दाराच्या चौकटीपाशी, उभ्या माणसाचा खांदा टेकेल तिथे, भिंतीला हात लावला तर...

भिंत कोमट होती.

बाहेर आई सरांना विचारत होती, "बरं झालं का हो? काही विसरले नाय ना?"

"नाही... छान झालं," सर म्हणाले आणि त्यांनी कॉल तोडला. त्यांनी आईला पास केलं. त्या दिवशी काय ऐकलं, हे मी दोनदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा विषय बदलला.

आईला तर तिने ठरलेला प्रवेशच म्हटलाय, असं वाटत होतं. हैदराबादचं नाव काढताच माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्या संध्याकाळी मी सगळं सांगून टाकलं. नोकरी, पगार, जाण्याची तारीख. मला वाटलं, रडेल. ओरडेल.

  ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, "जा गो तू. माझी काळजी करू नको. मला इथे सोबत आहे."

एका आईने मुलीला इतकं मोकळं करावं, याहून काय हवं? कुणीही खूश झालं असतं.

पण बोलण्याआधी ती थांबली होती.

आणि तिची मान... किंचित डावीकडे झुकली होती.

मी अजून गेलेले नाही. नव्या कंपनीकडून मुदत वाढवून घेतलीय. आई रोज म्हणते, जा. प्रेमाने म्हणते.

पण मला पाठवायची एवढी घाई आईला आहे... की आणखी कुणाला, तेच मला कळत नाही.