मागच्या पायांवर उठणारी गाय

बावीस वर्षांनी धाकटा भाऊ दारात उभा राहिला, तो पुठ्ठ्यात बांधलेलं भलंमोठं चित्र घेऊन. आणि ते काही केल्या दारातून आत येईना!

"अरे, तिरकं कर ना," थोरली म्हणाली. इतक्या वर्षांनंतर तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे असावं, याचं तिला हसूही आलं आणि रडूही.

पुठ्ठा सुटला. तेच चित्र! ओढ्याकाठचं कुरण, चरणारी गुरं आणि मधोमध जागेवरून उठू पाहणारी तांबडी गाय... थोरलीला वाटलं, आता हा जाब विचारणार!

बावीस वर्षांपूर्वी हे चित्र वाळत ठेवून धाकटा प्रदर्शनाच्या तयारीसाठी पुढे गेला होता. मागून ते तिनेच पाठवायचं होतं. बांधताना तिने पाहिलं, तर गाय आधी पुढच्या पायांवर उठत होती, अगदी घोड्यासारखी! लोक माझ्या भावाला हसतील, या एका विचाराने तिने त्याचाच कुंचला उचलला आणि गाय नीट उठवली. चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. भाऊ मात्र पुन्हा घरी फिरकला नाही.

"चुकलं रे माझं," ती म्हणाली. "तुझ्या चित्राला मी हात लावायला नको होता... म्हणून रागावलास ना?"

"रागावलो? ताई, परीक्षक त्या गाईपुढून हलेनात! आणि तिला बघून मला कळलं, तू खोटं बोलली होतीस."

थोरलीने मान खाली घातली. चित्रकला शिकायला वडील एकालाच पाठवू शकत होते, तेव्हा 'मला कुठे येतं चित्र काढायला, मला आपला गोठाच बरा' असं तीच हसत हसत म्हणाली होती.

"आणि मी ते खरं मानलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं! मग कोणत्या तोंडाने येणार होतो, ताई?"

म्हणजे बावीस वर्षं दोघंही एका गाईपायी एकमेकांना मुकली होती! त्याने खिशातून बारीक कुंचला काढला. "खाली तुझं नाव घाल."

तिने तो घेतला नाही. तिला भलतंच कुतूहल लागून राहिलं होतं. "आधी मला सांग, गोठ्याच्या घरात वाढलास, आणि गाय कशी उठते ते पाहिलं नाहीस?"

"गोठ्यात तू होतीस, ताई. मी नव्हतो."

त्याचा हात धरून तिने त्याला मागच्या अंगाला नेलं. गोठ्यात एक गाय निवांत रवंथ करत बसली होती. दोघं पालथ्या बादल्यांवर शेजारी शेजारी बसली. गाईला कसली घाई! धाकट्याच्या डोळ्यांना धार लागली होती, पण तो डोळे पुसेना. न जाणो, नेमकी तेवढ्यात उठायची.

शेवटी गाईने मान पुढे टाकली, गुडघे टेकलेलेच ठेवले आणि सावकाश मागची बाजू उचलली.

"खरंच की गं!" तो लहान मुलासारखा ओरडला.

थोरलीने पदराने त्याचे डोळे पुसले आणि हात पुढे केला. "आण आता तो कुंचला."