मुखवट्याआडची अक्षरं

“आजी, बोलक्याला वेड लागलंय!”

शर्वाणीचा आवाज समुद्राच्या तळातून आला. माझी ही बारा वर्षांची नात माशांचे आवाज टिपायला छोट्या पाणबुडीतून गेली होती. तिला दिसत नाही. ‘बोलका’ हा तिचा पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी आणि ऐकलेलं लिहून घेणारी यंत्रणा). मी किनाऱ्यावरच्या केंद्रात बसले होते.

पाणबुडीतली हवा शुद्ध करणारा पंखा बंद पडला होता. मदतीची बोट निघाली होती, पण अजून लांब होती.

“इथे दोन कळा आहेत. एक राखीव हवा सोडते, दुसरी दार उघडते. पंखा बंद पडल्यास काय करायचं, त्याचं पान निघतानाच नेटवरून उतरवलंय, पण बोलका म्हणतो, मोठा एम, के, ओ, एच!”

“मला पाठव ते पान.”

“फक्त आवाज पोचतोय गं. आणि पान बाबा आदमच्या काळातलं आहे. म्हणजे तुझ्या.”

माझ्या लक्षात आलं. संगणकाला अक्षराचा चेहरा दिसत नाही. प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो, तो पाहून बोलका उच्चार करतो. आज मराठी अक्षरांना जगभर चालणारे स्वतःचे क्रमांक आहेत (यालाच युनिकोड म्हणतात). पूर्वी पुष्कळदा इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी चेहऱ्याचा मुखवटा चढवत. डोळ्यांना ‘ड’ दिसे, आत असे एम.

“बोलका मुखवट्याआडचं नाव सांगतोय, शर्वू. एकेक अक्षर म्हण.”

तरुणपणी साताऱ्याच्या छापखान्यात मी याच मुखवट्याच्या अक्षरांत संगणकावर लग्नपत्रिका टाइप करायचे. शाईचा वास, पंख्याची घरघर, रेडिओवरची गाणी. कीबोर्डवर ठेवावीत तशी मी टेबलावर बोटं ठेवली.

“मोठा एम.”

“ड.”

“के.”

“काना.”

“ओ. एच.”

“व. दुसरी वेलांटी. डावी!”

“दाबू?”

“थांब! ‘डावी कळ दाबू नका’ असेल तर?”

तिला धाप लागली होती. “डी, मोठा जी.”

“कळ.”

“एन… के… सी…”

“दाब… पुढे काय? शर्वू!”

“के.”

“काना! दाबा! डावी कळ दाब!”

काहीच ऐकू येईना. मग फुस्स आवाज झाला, आणि एक लांब श्वास.

“आली हवा.”

“बोट आली की मुकाट्याने वर ये.”

“येते गं. तोवर उरलेलं पान सांग ना. बोलका खऱ्या मराठी अक्षरांत लिहून घेईल, वर आल्यावर नेटवर टाकू.”

“आत्ता? हे सुचतंय तुला?”

“मग? पुढच्याला अशी आजी कुठून मिळणार?”