सेल्नेसचं हवामान

मंगळवारी सकाळी शेजारचा म्हातारा कोळी एबेनेसर दोन कॉड मासे घेऊन आला, तेव्हा साल्वोर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून बटाट्यांचे कोंब खुडत होती. त्याने मासे मोरीत टाकले, टोपी गुडघ्यावर ठेवली, साखरेचा खडा दातांत धरला आणि त्यावरून कॉफीचा पहिला घोट घेतला. मग म्हणाला, "बाकी काही म्हण, तुझं हवामान पूर्वीपेक्षा सुधारलंय."

"माझं कसलं हवामान?"

"सेल्नेसचं. दुपारी पाऊण वाजताचं. काल म्हणालीस, वायव्येचा वारा दोन, दाब चढता. मी निघालो, तर समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निपचित."

साल्वोर हसली. हा माणूस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही चेहरा सरळ ठेवून थापा मारू शकतो, हे तिला ठाऊक होतं. "अरे, हे केंद्र बंद होऊन अकरा वर्षं झाली."

"मला सांगतेस? म्हणून तर म्हणतो, चोरून चालवतेस. चालव की. मी कुणाजवळ बोलणार नाही."

एकतीस वर्षं साल्वोर आणि तिचा नवरा थोरलाकुर समुद्रात घुसलेल्या या टोकावरून दर तीन तासांनी हवा मोजत होते. तिने घरातल्या उपकरणांवरचे आकडे घ्यायचे, त्याने काठी टेकत खाली खडकापर्यंत जायचं आणि समुद्र किती खवळलाय त्याचा शून्य ते नऊमधला आकडा आणायचा. मग नोंद फोनवरून राजधानीला, आणि तिथून पाऊण-सव्वा तासाने लाँगवेव्ह रेडिओवर, पार बर्फाच्या कडेपर्यंतच्या होड्यांना. अकरा वर्षांपूर्वी हवामान खात्याची माणसं उपकरणं काढून घेऊन गेली आणि आभार म्हणून काचेचं एक भांडं देऊन गेली. थोरलाकुर सहा वर्षांपूर्वी होल्माविकच्या इस्पितळात शांतपणे गेला. आणि गेल्या सप्टेंबरात खुद्द लाँगवेव्हच बंद झाली. एबेनेसरने मंत्र्यांना तीन पत्रं लिहिली होती. शेवटचं प्रसारण त्याने याच टेबलाशी बसून ऐकलं आणि संपल्यावर, घरात असूनही, डोक्यावरची टोपी काढली होती. साल्वोरला तेव्हा हसूही आलं होतं आणि रडूही.

"आता तर लहरच नाही," ती म्हणाली. "ऐकतोस कशावर?"

"होडीतल्या डबड्यावर. बंद कुठे केलंय मी? नुसती खरखर असली तरी सोबत होते. तीनेक आठवड्यांपूर्वी खरखर थांबली आणि तू आलीस." त्याने कप पुढे केला. "घाल अजून. आणि खरं सांगू? त्या पोरांच्या मोबाइलवर माझा विश्वास नाही. सेल्नेस म्हणालं जा, तर मी जातो. सेल्नेस म्हणालं नको, तर जाळी विणतो. इतकी वर्षं जिवंत आहे तो असाच."

तो गेल्यावर साल्वोरने मासे साफ करायला घेतले, आणि मग तिच्या लक्षात आलं. म्हातारा थापा मारत नव्हता. कुणाच्या तरी शब्दावर तो एकटा त्या उघड्या पाण्यात होडी लोटत होता, आणि तो शब्द तिचा नव्हता.

बुधवारी तिने रेडिओवरची धूळ पुसली, काटा जुन्या जागी आणला आणि पाऊण वाजायची वाट पाहिली. खरखर होती ती अचानक विझली. पण आवाज लगेच आला नाही. साल्वोरच्या लक्षात आलं, ही शांतता मोजलेली आहे. पूर्वी सेल्नेसच्या आधी पाच केंद्रांची नावं यायची. त्या पाचांना जेवढा वेळ लागायचा तेवढीच ही शांतता होती. मग एक बाई बोलली. ओळखीची निवेदिका नव्हती. आवाज तरुण नव्हता, म्हाताराही नव्हता, आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

"सेल्नेस. ईशान्य तीन. ढग विरळ. दाब एक हजार नऊ. समुद्र दोन."

पुन्हा खरखर.

साल्वोर उठून घरातल्या बोळात गेली. तिथे कपाटाशेजारी भिंतीवर सासऱ्यांचा पितळी बॅरोमीटर टांगलेला होता. तो सरकारी नव्हता म्हणून तेवढा मागे राहिला होता. काटा एक हजार नऊवर होता. मोबाइलवर शेजारच्या गावाचा दाब पाहिला, तर एक हजार अकरा.

इथे तिचं कुतूहल खरं चाळवलं. कारण हा बॅरोमीटर नेहमीच दोन कमी दाखवायचा. सरकारी यंत्र बिघडलं की याच्यावरून नोंद जायची, आणि साल्वोर मनातल्या मनात दोन मिळवूनच आकडा लिहायची. ही गोष्ट तिने कधी कुठे टिपून ठेवली नव्हती. थोरलाकुरला माहीत होती आणि तिला. आता जो कुणी हा काटा वाचत होता, त्याला ती माहीत नव्हती.

तिची मुलगी आउस्लौग हिचा संध्याकाळी फोन आला. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होतेय, समुद्र दिसणारी, असं ती पुन्हा म्हणाली. साल्वोरने रेडिओचा विषय काढला नाही. काढला असता तर काय उत्तर येईल हे तिला पाठ होतं: आई, तूच रात्री उठून काहीतरी करत असशील. तिने स्वतःलाही तो प्रश्न विचारून पाहिला. पण झोपेत चालत गेलो असतो तरी आपण दोन मिळवले असते. तेवढी खात्री तिला होती.

गुरुवारी साडेअकरालाच तिने बोळात खुर्ची टाकली आणि विणकाम घेऊन बॅरोमीटरसमोर बसली. साडेबारापर्यंत हलली नाही. कुणी आलं नाही. दार वाजलं नाही, फळी करकरली नाही. बाराच्या सुमारास तिला मानेवर थोडा गारवा जाणवला, पण बोळात गारवा असतोच. पाऊण वाजता बाईने दाब सांगितला: एक हजार सहा. काट्यावर सहाच होते.

आता माणसाने घाबरावं की नाही? पण साल्वोर घाबरली नव्हती. उलट कितीतरी वर्षांत तिला इतकं तरतरीत वाटलं नव्हतं. तिने त्या संध्याकाळी रेवाचिनीच्या आंबट देठांचा मुरंबा लावून तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि उद्या काय करायचं ते ठरवून टाकलं.

शुक्रवारी सकाळी तिने बॅरोमीटर खिळ्यावरून उतरवला, पाठीमागचा स्क्रू पेचकसाने फिरवला आणि काटा बारा घरं वर चढवून ठेवला. खरा दाब पडत होता. आभाळ ईशान्येला शिशाच्या रंगाचं झालं होतं. काटा मात्र एक हजार तेरावर ऐटीत उभा होता. आता बघू, कोण कुठून वाचतंय.

पाऊण वाजता शांतता आली. पाच केंद्रांपुरती थांबली.

"सेल्नेस. ईशान्य चार. ढगाळ. दाब एक हजार तेरा, चढता. समुद्र तीन."

साल्वोरने चक्क टाळी वाजवली. "पकडलं!" ती रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली. "माझ्याच बोळातला काटा वाचतेस, बये!"

आणि पंधरा मिनिटांनी तिला खिडकीतून होडी दिसली. निळी, छोटी, टोकाला वळसा घालून उघड्या समुद्राकडे निघालेली. एबेनेसरने दाब चढता ऐकला होता. सेल्नेस म्हणालं होतं जा.



तिने आधी त्याच्या मोबाइलवर फोन लावला. तो त्याच्या घरातल्या फडताळात वाजत असणार, हे माहीत असूनही. मग तटरक्षकांना लावला. त्यांनी सगळं नीट टिपून घेतलं, वायरलेसवर हाका मारल्या आणि वीस मिनिटांनी परत फोन केला. होडीकडून उत्तर नव्हतं. "तो वायरलेस बंद ठेवतो," साल्वोर म्हणाली. "फार बडबड करतं म्हणतो." बचावनौका फ्योर्डच्या लांब खाडीच्या पलीकडच्या टोकाला होती, यायला तीन तास.

दोन वाजता वारा पाचावर गेला, अडीचला सहावर. एबेनेसर आता काय ऐकत असेल, याचा विचार करायचीही गरज नव्हती. खरखर. आणि सव्वाचारला पुढची नोंद.

तीन वाजताची नोंद.

साल्वोरने स्क्रू होता तिथे परत आणला. काटा गरगरत खाली आला आणि नऊशे पंच्याऐंशीवर थांबला. वीजबिलाच्या पाकिटाच्या मागे तिने लिहिलं: दाब ९८७, वेगाने पडता. दार उघडून वारा अंगावर घेतला. ईशान्य आठ. ढग, पाऊस, दृश्यमानता, सगळं भराभर लिहिलं, जसं एकतीस वर्षं लिहिलं होतं. आपण का लिहितोय हे तिला सांगता आलं नसतं. फोनवर ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं. पण एबेनेसरपर्यंत पोचणारी दुसरी वाटच नव्हती.

एकच रकाना उरला. समुद्र. घरातून फक्त फेस दिसत होता. लाटा किती उंच ते खडकावरूनच कळायचं, आणि तिचा गुडघा त्या उतारावर उतरण्यातला राहिला नव्हता. थोरलाकुर बघून यायचा. बूट काढून आत यायचा त्याला कंटाळा, म्हणून तो बाहेरूनच बोळाच्या भिंतीवरच्या पत्र्यावर काठीने ठोके द्यायचा. जितका समुद्र, तितके ठोके. ती आत मोजायची आणि लिहायची.

तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजून दोन मिनिटं.

रकाना कोराच सोडायचा म्हणून तिने पेन्सिल खाली ठेवली.

ठण.

पत्र्याच्या बाहेरून. वारा वस्तू आपटतो, तसा नव्हता.

ठण. ठण.

थोरलाकुर दोन ठोक्यांमध्ये नेहमी जरा थांबायचा, मोजणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून.

ठण. ठण. ठण.

ठण.

मग नुसता वारा.

साल्वोरने पेन्सिल उचलली आणि रकान्यात सात लिहिले. ती बाहेर बघायला गेली नाही. "बरं," ती भिंतीला म्हणाली, जसं पूर्वी म्हणायची.

सव्वाचारला बाई बोलली. "सेल्नेस. ईशान्य आठ. पाऊस. दाब नऊशे सत्त्याऐंशी, वेगाने पडता. समुद्र सात."

पाचच्या सुमारास होडी आडोशाच्या खाडीत शिरली. एबेनेसर चिंब भिजून, ओठ निळे झालेले, तिच्या स्वयंपाकघरात आला आणि चुलीला पाठ लावून उभा राहिला. अर्धा तास त्याने पाठ शेकली. मग म्हणाला, "दुपारची नोंद चुकली तुझी."

"चुकली," साल्वोर म्हणाली. "माझीच चूक. पुन्हा होणार नाही."

"सव्वाचारला सात म्हणालीस आणि मी जागच्या जागी फिरवली होडी. पाऊण तास उशीर झाला असता तर टोक ओलांडता आलं नसतं." त्याने साखरेचा खडा घेतला. "इतक्या वादळात खडकापर्यंत गेलीस? या गुडघ्याने?"

"तू कॉफी पी," ती म्हणाली. तिला त्याच्या ओल्या खांद्यावर हात ठेवून रडावंसं वाटत होतं. तिने हात ठेवला, रडली नाही.

तो गेल्यावर पाकीट टेबलावर तसंच पडलेलं दिसलं. नोंद पाकिटावर राहू द्यायची नाही, वहीत उतरवायची, ही अंगात मुरलेली सवय. ती बोळात गेली. जुनी वही कपाटाच्या तळाशी होती, अकरा वर्षांपूर्वी तिने दोऱ्याने बांधून ठेवलेली. गाठ तिचीच होती, दुहेरी, डावीकडे फास असलेली. ती सोडून तिने वही उघडली.

शेवटची नोंद जिथे संपली होती, त्याच्या खाली कोरी पानं असायला हवी होती.

नव्हती. सप्टेंबरातल्या, लाँगवेव्ह बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, दर तीन तासांची ओळ भरलेली होती. वारा, ढग, दाब, समुद्र. अक्षर तिचं होतं. सातच्या पोटातली आडवी रेघ तिची होती. दाब मात्र सगळीकडे काट्यावरचाच, दोन न मिळवता. फक्त शेवटच्या ओळीत, आजच्या तीन वाजता, ९८७ होतं. दोन मिळवायचे असतात हे आता कुणाला तरी कळलं होतं.

साल्वोर शांतपणे पानं उलटत मागे गेली. तिला ठरावीक तारखाच पाहायच्या होत्या. बावीस डिसेंबर ते तीन जानेवारी ती होल्माविकला आउस्लौगकडे होती, घराला कुलूप होतं.

त्या ओळीही भरलेल्या होत्या, एकही न चुकता, तिच्याच अक्षरात. साऱ्या वहीत कोरा असलेला शेऱ्याचा रकाना तिथे कोरा नव्हता. बावीस तारखेला दुपारी लिहिलं होतं: घरी कुणी नाही. तीन वाजता: घरी कुणी नाही. सहा वाजता, नऊ वाजता, दुसऱ्या दिवशी, नाताळच्या सकाळी, तेच. पान भरून तेच.

तीन जानेवारीला दुपारी तीनच्या ओळीत शेरा निराळा होता. पेन्सिल जरा जोरात टेकलेली होती.

ती परत आली.