पाच मिनिटं बोलायचं नाही

हे लिहिणार नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. मी काही लेखक नाही, मासे खारवतो. पण जिला हे सगळं सांगायचंय तिला मी दर शनिवारी फक्त एक आकडा पाठवू शकतो. तसं ठरलंय. आणि आकड्यात मावणार किती... म्हणून बाकीचं इथे.

सुरुवात पावसानं झाली. आमच्या किनाऱ्यावर ऊन असतानाच पाऊस येतो, समुद्रावरून, न सांगता. त्या दिवशी अंगणभर बांबूच्या ताट्यांवर मासे वाळत होते. मी आणि नानाय, म्हणजे माझी आई, एकेक ताटी उचलून शेडमध्ये पळत होतो. तेवढ्यात माझ्या ताटीचं दुसरं टोक कुणीतरी धरलं.

"उचल की. बघतोस काय?"

अनोळखी मुलगी. हिरवा सदरा, पाठीला बोजड बॅग, मिटलेली छत्री काखेत. छत्री होती आणि ती भिजत होती... मला तेच आवडलं बहुतेक.

शेवटची ताटी आत आली तेव्हा पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की ओरडून बोलावं लागत होतं.

"गालावर खवला आहे तुझ्या," मी म्हटलं.

"असू दे. तू कोण?"

"नांते. मासेवाला. तू?"

"आर्लिन. तुझा धंदा बुडवायला आलेय," ती म्हणाली. आणि हसली.

खोटं नव्हतं ते. गावच्या दवाखान्यातून ती दर शनिवारी आमच्या चॅपलच्या अंगणात येणार होती. ब्लडप्रेशर आपलं आपण कसं मोजायचं, ताब्यात कसं ठेवायचं, ते शिकवायला. आणि मीठ कमी करा म्हणून सांगायला — आमच्या वस्तीत, जिथं सकाळी भाताबरोबर खारा मासा आणि दुपारी भाताबरोबर जवळ्याचं खारं.

"मीठ सोडून खायचं काय, इंदाय? भाताबरोबर वारा?" शेजारची मानांग पासिंग — थोरल्या बाईला आम्ही मानांग म्हणतो, लाडानं पोरीला इंदाय, पोराला तोतो. तिला गप्प बसवणारं माणूस अजून जन्मलेलं नाही.

"सोडू नका, मानांग. मासा आधी पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, मग तळा."

"भिजवलेला खारा मासा म्हणजे मिशी काढलेला नवरा. ओळखूच येत नाही."

सगळं अंगण हसलं. आर्लिनही हसली, पण मुद्दा सोडला नाही. आमच्याकडे गोळ्यांचं पाकीट सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, मूर्तीच्या पायाशी ठेवलेलं असतं. मान मागून दुखायला लागली की एक गोळी घ्यायची, थांबली की पाकीट परत देवापाशी. ती प्रत्येकाला एकच सांगायची, "मान दुखायची वाट बघू नका. हे न दुखता वाढतं." हे सांगताना ती हसायची नाही. तेव्हा मला त्याचं कारण माहीत नव्हतं.

मोजायचे तिचे नियम होते. पाठ टेकून बसायचं. पाय जमिनीवर सपाट. दंडाला पट्टा, हात टेबलावर. आणि आधी पाच मिनिटं बोलायचं नाही.

आमच्या लोकांना ही शेवटची अट म्हणजे शिक्षा. मला मात्र...

माझी पाळी आली तेव्हा ती समोर बसली. तीही गप्प. तिच्या बोटांना लसणाचा वास होता. कपाळावरची एक बट वाऱ्यानं खाली यायची, ती फुंकर मारून वर करायची. एकदा नजर भिडली. तिनं खाली बघितलं, माझ्या पायांकडे, सपाट आहेत का ते तपासल्यासारखं. मग पुन्हा वर. एवढं कुणाशी मी आयुष्यात बोललो नव्हतो.

यंत्र कण्हलं. आकडा आला. तिनं कपाळाला आठी घातली, पुन्हा मोजलं. पुन्हा वरच.

"याला काही झालेलं नाही गं," मागून पासिंग ओरडली. "याला तू झालीयेस."

आर्लिन कानापर्यंत लाल झाली. मी म्हटलं, "मानांगला अनुभव आहे."

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मी लवकर जाऊन रांगेत बसायचो. आकडा वर, अंगण खूश. शेवटी एकदा ती यंत्र पिशवीत घालून आमच्या शेडमध्ये आली.

"हे घरी ठेव. रोज सकाळी मोज. मी नसताना."

"आणि खाली आलं तर?"

"तर... माझ्यामुळे वाढत होतं असं समजू."

"आणि मग?"

तिनं मिठाच्या टाकीत बोट बुडवलं, चाटलं, तोंड वाकडं केलं. "मग मी नानायशी आपल्याबद्दल बोलायला येईन. रविवारचा झगा घालून."

मी रोज बसायचो. नानाय उठायच्या आधी, दाराकडे तोंड करून. पाठ टेकून, पाय सपाट. तिची आठवण येऊ नये म्हणून समोर पडलेल्या बोंबलांकडे बघत बसायचो. पण आकडा खाली येईना. मी हात बदलला. कॉफी सोडली. रात्री खारं खाल्लं नाही. नाही म्हणजे नाही.

पासिंगनं कुंपणावरून बघितलं आणि तिला माझ्या तोंडावरूनच कळलं.

"अरे मग सांग ना खाली आलं म्हणून. ती काय घरी येऊन बघतेय? पोरगी तुझी. गोळ्या नंतर घे गुपचूप."

खरं सांगतो, शनिवारी सकाळी चॅपलपर्यंत जाताना माझ्या तोंडात तेच होतं. खाली आलं, आर्लिन. एवढं म्हणायचं होतं.

ती अंगणात नव्हतीच. परत आलो तर आमच्या शेडमध्ये येऊन बसली होती. निळा झगा. केस ओले. हातात नानायसाठी केळीच्या पानात बांधलेला गोड भात.

मी तिच्याकडे बघितलं... आणि माझ्याच्यानं होईना.

"तू नसतानाही तेवढंच येतंय," मी म्हटलं. "तुझ्यामुळे नाही."

तिनं हातातली भाताची पुरचुंडी रिकाम्या ताटीवर ठेवली. मग एकदम दवाखान्यातली झाली — डोकं दुखतं का, श्वास लागतो का, घरात कुणाला होतं का. माझ्या तातायना, म्हणजे वडलांना होतं, मी सांगितलं. ती म्हणाली, आज डॉक्टरांकडे जायचं, मी चिठ्ठी देते. गोळी सुरू होईल. नीट घेतलीस तर म्हातारा होशील, मासे खारवत.

"तुझ्याबरोबर?"

ती रडायला लागली. आवाज न करता, जसं ती सगळं मोजायची तसं.

"माझे तातायसुद्धा मान दुखली तरच गोळी घ्यायचे," ती म्हणाली. "होडीतच पडले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सहा वर्षं आई त्यांना भरवत होती. मी शाळेतून आले की ते माझ्याकडे बघायचे... नुसतं बघायचे. मला माहितीये, नांते. सगळ्यांना मीच सांगते, घाबरू नका, हे आपल्या हातात आहे. ते खरंय. तुझ्या हातात आहे. पण मी रोज सकाळी तुझ्या शेजारी उठून आधी तुझा चेहरा तपासेन, वाकडा झालाय का म्हणून. असं नाही जगायचं मला. मला जमणार नाही."

पत्र्यावर पाऊस सुरू झाला. ताट्या बाहेर होत्या. दोघंही उठलो नाही.

"खोटं बोलला असतास," ती म्हणाली, "तर मी हसत आले असते."

"मग चुकलंच माझं."

"नाही रे, तोतो." तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला, नाडी बघतात तिथे, पण मोजलं काहीच नाही. "नाही चुकलं."

बराच वेळ आम्ही तसेच बसलो. पाच मिनिटं असतील, जास्त असतील. मग तिनं झग्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"पुढच्या शनिवारपासून दुसरी बाई येईल. पासिंगला सांग, तिला छळू नको. यंत्र तुझ्याकडे राहू दे. दर शनिवारी मला आकडा पाठव. फक्त आकडा. बाकी लिहिलंस तर... मी उत्तर देईन, आणि मग संपलंच."

"हे दवाखान्याची म्हणून सांगतेस?"

"मैत्रीण म्हणून. तेवढी तरी राहू दे मला."

बाहेर नानाय ओरडत होती, मासे भिजले, कुठे मेलात दोघं. आर्लिन आधी पळाली, निळ्या झग्यात, आणि ताटीचं एक टोक उचलून माझ्यासाठी थांबली. मी दुसरं टोक धरलं. पावसात, ताटीच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या माझ्या मैत्रिणीला मी म्हटलं —

"रोज बसेन. मान दुखो न दुखो, गोळी घेईन. आणि जो येईल तोच आकडा पाठवेन, इंदाय. तू खूश व्हावीस म्हणून कधी कमी करणार नाही, आणि तू परत यावीस म्हणून कधी वाढवणार नाही."