आतल्या बाजूचं पॅड

द्वारकेच्या चौकातून ट्रकांची रांग सुटली की महेबूबभाईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानातले पाने खुंटीवर किणकिणत. कौसरला त्याची सवय होती. पण त्या जानेवारीतल्या दुपारी चौक तुंबलेला होता, ट्रक जागचे हलत नव्हते, आणि तरीही काउंटरवर काहीतरी खणकन वाजलं. तिने मान वर केली.

काउंटरवर एक काळं पडलेलं ब्रेक पॅड होतं. त्याच्यामागे कारखान्याचा निळा शर्ट, चष्मा आणि आवळलेले ओठ.

"हे तुमच्याकडूनच नेलं होतं," तो म्हणाला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी त्याने आवाज खाली घेतला नाही. "डुप्लिकेट आहे."

अब्बा नमाजला गेले होते. कौसरने पॅड उचलून उजेडात धरलं. कडा राखेसारख्या पांढुरक्या, मध्ये चिरा, मागच्या पत्र्याचा रंग जळून गेलेला.

"डुप्लिकेट नाही," ती शांतपणे म्हणाली. "हे भाजलंय. कुठे भाजलं ते सांगा."

"म्हणजे?"

"कॉलेज रोडला फिरून पॅडचं असं होत नाही."

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "ट्रॅक डे..."

घोटीच्या पुढे एक खासगी ट्रॅक झाला होता. महिन्यातल्या एका रविवारी तिथे नाव नोंदवून, हेल्मेट घालून, आपापली गाडी मोकळ्या वळणांवर पळवता यायची. शर्यत नाही, बक्षीस नाही, असं त्याचं म्हणणं. कौसरने ते ऐकून घेतलं आणि विश्वास अजिबात ठेवला नाही. तिचा मोठा भाऊ मुस्तकीमही पूर्वी पहाटे पोरांबरोबर गाडी काढायचा. विचारलं की "मिसळ खायला चाललोय" म्हणायचा. एके दिवशी कसारा घाटातून फोन आला, तेव्हा घराला कळलं मिसळ कुठे मिळते ती. तेव्हापासून मुस्तकीमचा एक गुडघा पुरता वाकत नव्हता.

"ट्रॅकवरून बाहेर आल्यावर हँडब्रेक ओढता?" तिने एकदम विचारलं.

"नाही. तापलेलं पॅड डिस्कला चिकटतं. शेवटची फेरी सावकाश मारायची, ब्रेकला हात... म्हणजे पाय न लावता. मग गाडी गिअरमध्ये उभी करायची."

"आणि ब्रेक ऑइल?"

"जुन्यात पाणी मुरतं. ते उकळलं की पेडल पोकळ जातं. म्हणून बदलतो."

सगळी उत्तरं बरोबर आली आणि तिचा संशय आणखीच वाढला. इतकं बरोबर तर पढवलेला साक्षीदारच बोलतो.

"एवढं कळतं, मग ट्रॅकवर साधं पॅड कसं लावलंत?"

त्याने चष्मा सावरला. "तिथे चुकलो."

वाद घालायला आलेला माणूस इतक्या पटकन 'चुकलो' म्हणेल, असं तिला वाटलं नव्हतं. तिने काउंटरवरचा कागद उगीचच सरळ केला.

"जास्त ताप सोसणारी पॅडं मागवून देते. पण ती थंड असताना नीट धरत नाहीत. सकाळी सकाळी चौकात कुणी आडवं आलं तर गाडी वेळेत थांबायची नाही. डिस्कही लवकर खातात. ट्रॅकवर पोचल्यावर चढवायची, निघताना उतरवायची. कबूल?"

"कबूल."

"आणि वापरलेली पॅडं मला आणून दाखवायची."

"संशय आहे?"

"आहे."

"बरं झालं," तो म्हणाला. "मलाही आहे."

त्याचं नाव अल्तमश. सातपूरच्या एका कारखान्यात तो तयार मालाची तपासणी करायचा. पॅडं आली तेव्हा त्याने खोक्यावरची छपाई चष्म्याजवळ नेऊन वाचली, कडेवरून अंगठा फिरवला, वजनही जोखून पाहिलं. कौसर हाताची घडी घालून बघत राहिली.

"झालं समाधान?"

"दिवसभर दुसऱ्याच्या कामात खोट शोधतो हो. सवय लागते."

"मग घरी गेल्यावर काय शोधता?"

"घरी अम्मी शोधते. माझ्यात."

ती हसली, आणि हसल्याचा तिलाच राग आला.

ठरल्याप्रमाणे तो वापरलेली पॅडं घेऊन आला. दोघांनी ती काउंटरवर मांडून पाहिली. ब्रेकची काळी भुकटी त्याच्या तळव्याला होती, पॅड हातात देताना ती तिच्या बोटांना लागली, आणि बोटांची तिच्या ओढणीला. घरी अम्मीने विचारलं तेव्हा कौसर म्हणाली, "दुकानातलं आहे." ते खोटं नव्हतं...

पॅडं महिन्याने झिजायची. तो मात्र दर आठवड्याला यायला लागला. कधी बल्ब, कधी वायपर, कधी फ्यूज. एका गाडीला किती फ्यूज लागतात हे कौसरला पक्कं ठाऊक होतं, पण ती पावती फाडून द्यायची. सातपूरची पाळी सुटायच्या सुमाराला तिची नजर चौकाकडे जायची. हा माणूस खरंच पॅडांसाठी येतो? आणि त्यासाठी येत नसेल, तर आणखी काय लपवत असेल? चांगलं वाटायला लागलं की कौसरला आधी भीतीच वाटायची.

मार्चमध्ये ती भीती खरी ठरल्यासारखी झाली. मुस्तकीम हल्ली टेम्पोने भाजी घेऊन कल्याणला जायचा. एका संध्याकाळी दुकानात स्टुलावर पाय लांब करून बसत तो म्हणाला, "तुझा तो ट्रॅकवाला... निळी गाडी आहे ना त्याची? शुक्रवारी सकाळी कसारा घाटात बघितली. कडेला लावली होती. पुढच्या चाकातून हा एवढा धूर."

कौसरने हातातला बल्ब जपून खोक्यात ठेवला.

दुसऱ्याच दिवशी अल्तमश आला. हातात पॅडांची पिशवी होती.

"शुक्रवारी कसारा घाटात होतात?"

त्याने चष्मा काढून पुसला. "...होतो."

"धूर निघत होता चाकातून."

"हो."

"कशाचा?"

तो मागच्या फळीवरच्या खोक्यांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे बघितलं. "ते नका विचारू," तो म्हणाला. "तुम्हाला वाटतंय तसं नाहीये, एवढंच."

"माझ्या भावाचा गुडघा गेलाय त्या घाटात. तोसुद्धा असंच म्हणायचा." कौसरचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "परत या दुकानात येऊ नका."

त्याने पिशवी काउंटरवर ठेवली आणि गर्दीत मिसळून गेला.

ती पिशवी दोन-तीन दिवस तशीच पडून होती. शनिवारी अब्बा म्हणाले, "ही टाकून दे, वाटेत येते." टाकायच्या आधी कौसरने ती उघडली. का उघडली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

रोज रस्त्यावर वापरायची साधी चार पॅडं होती, आणि प्रत्येकावर त्याने खडूने खुणा केल्या होत्या. उजवं बाहेर, उजवं आत, डावं बाहेर, डावं आत. तीन पॅडं सारखी झिजलेली होती. चौथं, डाव्या चाकाचं आतलं, पार पत्र्याला टेकलं होतं.

ती खाली बसली. घाटात गाडी बडवली असती तर चारही पॅडं गेली असती. एकच गेलं, याचा अर्थ पॅडं दाबणारा पंजा डाव्या चाकाला अडकून बसला होता. पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता. धूरही डाव्या चाकातूनच आला होता का? तिने मुस्तकीमला फोन केला.

"डाव्याच. का गं?"

बाहेरून बघणाऱ्याला बाहेरचं जाड पॅड दिसणार आणि सगळं ठीक वाटणार. उद्या ट्रॅकचा रविवार होता. अल्तमश ट्रॅकची पॅडं चढवणार, आणि त्या अडकलेल्या चाकानिशी तो वळणावर जाणार होता. तिने त्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पाळीवर फोन कपाटात ठेवावा लागतो, असं तो एकदा म्हणाला होता. संध्याकाळीही त्याने उचलला नाही. तिनेच त्याला येऊ नका म्हटलं होतं...

सकाळी मुस्तकीमच्या टेम्पोत बसून दोघं निघाली. घोटी सोडल्यावर भाताची कापलेली खाचरं दिसू लागली आणि त्यापलीकडून इंजिनांचा आवाज आला. रांगेत तिसरी गाडी निळी होती. कौसर थेट खिडकीशी गेली.

"उतरा."

हेल्मेटच्या आतून त्याचे डोळे विस्फारले. "तुम्ही? इथे?"

"संशय घेऊन आलेय. या वेळी तुमच्यावर नाही. गाडीवर."

त्याने लगेच मागच्याला हात दाखवला आणि गाडी रांगेतून बाहेर घेतली. जॅक लागला, डावं चाक निघालं. पंजा जिच्यावर सरकतो ती पिन मुस्तकीमने हलवून पाहिली, ती जागची हलेना; शेवटी ठोकून बाहेर काढली. रबर फाटून आत पाणी गेलं होतं आणि पिनेवर तांबूस गंज चढला होता.

"पहिल्याच वळणावर गाडीसकट फिरला असतास," मुस्तकीम म्हणाला, आणि ग्रीस मागायला ट्रॅकवाल्यांकडे लंगडत गेला.

अल्तमश चाकाशेजारी उकिडवा बसला होता. त्याने त्या पिनेवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे पॅडं चांगली होती."

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं... याही खेपेला पॅडच खराब निघालं." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "पहिल्या दिवशी चारचौघांत तुम्हाला डुप्लिकेट म्हणालो होतो. परत तेच कोणत्या तोंडाने सांगू? शहापूरला बहिणीला बाळ झालंय. अम्मीला तिकडे सोडायला चाललो होतो. घाट उतरताना चाक धुमसायला लागलं. अम्मी दगडावर बसून मला आणि माझ्या ट्रॅकला शिव्या घालत होती."

"मग तेव्हाच सांगायचं."

"सांगितलं असतं तर धूर कशाचा, ते पण सांगावं लागलं असतं."

"आणि आज काय चढवलंय?"

"तुमच्याकडचीच पॅडं."

"खराब वाटत असताना?"

"दुसऱ्या दुकानात जावंसं वाटलं नाही."

"मला वाईट वाटू नये म्हणून जीव देणार होतात? असं करतं का कोणी?" कौसरने पिन उचलून फडक्याने पुसायला घेतली. गंज निघत नव्हता, तरी ती पुसत राहिली.

त्याने हलकेच ती पिन तिच्या हातातून काढून घेतली. हात मात्र सोडला नाही.

"अम्मीला तुमच्या घरी पाठवू?"

समोरून एक गाडी सुसाट गेली.

"अब्बा आधी चौकशी करतील," ती म्हणाली. "सातपूरला, तुमच्या मोहल्ल्यात, सगळीकडे."

"करू देत."

"मी केलीय."

"कधी?"

"फेब्रुवारीत. सातपूरला माझी एक मैत्रीण आहे... तुमच्या शेजारच्या कारखान्यात."

"मग? काय निघालं?"

"काहीच नाही. कुणाच्या तोंडी एक वाकडा शब्द नाही." तिने मान खाली घातली. "म्हणून तर जास्त धास्ती वाटली."

तो हसला, अगदी मोकळं. दूरवरून मुस्तकीम ग्रीसचा डबा घेऊन येताना दिसला, तेव्हा अल्तमशने तिचा हात सोडला.

"आणि आता? अजून धास्ती वाटते?"

"थोडी," कौसर म्हणाली. मग आवाज आणखी हळू करून, भावाला ऐकू जाणार नाही इतका, म्हणाली, "अम्मी परत आल्या की घेऊन ये त्यांना. मी वाट बघतेय तुझी."