परक्या पेपरातला सहावा प्रश्न

जिन्याच्या वळणावर तो माझ्यावर जवळजवळ आदळलाच. हातातल्या यादीत डोकं खुपसून उतरत होता.

“साहित्य, दुसरं वर्ष... तुम्हीच का?”

“हो. का?”

“मग मी तुमच्या वाट्याला आलोय,” तो ओशाळून म्हणाला.

लांबलचक पायांमुळे सगळे त्याला कंपास म्हणायचे. गणिताचा, शेवटच्या वर्षाचा.

आमचं कॉलेज म्हणजे मुळात एका डॉक्टरीणबाईंचं राहतं घर. शंभर मुलं, अकरा शिक्षक. स्वयंपाकघरात रसायनशास्त्र, माळ्यावर तत्त्वज्ञान. बाईंनी पहिल्याच वर्षी नियम घातला होता, की प्रत्येकाने एक परका पेपर द्यायचा. साहित्यवाल्याने गणिताचा, गणितवाल्याने साहित्याचा. शिकवायचं एकमेकांनीच, आणि शिकणाऱ्याला पडतील ते गुण शिकवणाऱ्याचे. नापास झालात, तर जोडीने आणखी एक सत्र. बाई जाऊन कित्येक वर्षं झाली होती, पण नियम हलला नव्हता.

आम्ही मागच्या गच्चीत बसायचो. तो कविता वाचून कपाळाला आठ्या घालायचा.

“हिला तो आवडतो, हे कुठे सिद्ध झालं?”

“ती दार लावत नाही ना... त्यावरून ओळखायचं.”

“कडी मोडकी असेल.”

मी हसून बेजार व्हायचे. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. सत्र मात्र भर्रकन संपत आलं.

पेपरातला सहावा प्रश्न मला तोंडपाठ होता. तो मी कोरा सोडला. मुद्दाम. आणखी एक सत्र, ती गच्ची, तो... एवढंच मनात होतं.

सूचनांच्या फळ्यावर निकाल लागला. मी दोन गुणांनी नापास. कंपास फळ्यासमोर नुसता उभा होता. त्याच्या मित्राकडून मला कळलं, की त्याला दूरच्या विद्यापीठात जागा मिळाली होती आणि माझ्या दोन गुणांवाचून ती आता जाणार होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तडक प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. ‘का’ तेही. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग कोरा कागद पुढे सरकवला.

“बस इथे. सोडव. पण सुटलं तर तो जाईल हं.”

“माहीत आहे, सर.”

दहा मिनिटांत सोडवला. शेवटची ओळ लिहिताना अक्षरं धूसर दिसत होती.

बाहेर तो उभा होता.

“सुटला?”

“सुटला. तू जा आता... मी मुद्दाम कोरा सोडला होता रे.”

“ते मला फळ्यासमोरच कळलं.”

“मग रागावला नाहीस?”

“कुठल्या तोंडाने?” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “सहाव्या प्रश्नाचा धडा तुला पहिल्याच आठवड्यात आला होता. पुढचे चार आठवडे मी उगाच पुन्हा पुन्हा शिकवत होतो. आणि जागेचं सांगायला... धीरच झाला नाही.”

मग त्याने माझा हात धरला. भर व्हरांड्यात, सगळ्यांदेखत.

पुढच्या सोमवारी तो गेला. तीन वर्षांनी, त्या विद्यापीठात शिकून तिथेच लागलेली नोकरी सोडून, गणित शिकवायला आमच्या कॉलेजात आला, आणि पहिल्याच दिवशी, वर्गात जायच्या आधी, माझ्या घरी येऊन त्याने मला वडिलांकडे मागितलं.